हार घातलेला फोटो

२ सप्टेंबर, मंगळवार

गणपती अजून घरात आहेत आणि मला नोकरी लागली. पगार नाही, पण खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे आणि चहा वेळेवर येतो. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात शेवटी शेवटी याहून जास्त काही मिळत नव्हतं. रिटायर झाल्यापासून मी स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा बदलतो म्हणून माझी बायको जयू वैतागली होती. तिनेच वाचनालयाच्या समितीत कुणाला तरी सांगून माझी वर्णी लावली असावी, असा मला दाट संशय आहे.

काम असं की उज्जैनच्या मराठी घरांतून शारदा वाचनालयाकडे पेट्या भरभरून जुने फोटो आले आहेत. ते स्कॅन करून ऑनलाइन कॅटलॉगात चढवायचे, म्हणजे कुठे परदेशात बसलेल्या नातवालाही आपले पणजोबा सापडतील. स्कॅनिंग निहारिका करते. ती आमची ग्रंथपाल, भोपाळहून शिकून आलेली, वयाने माझ्या मुलीसारखी आणि स्वभावाने माझ्या साहेबासारखी. फोटोत कोण, कुठे, कधी, हे मी लिहायचं, कारण गावातलं प्रत्येक मराठी तोंड मला ओळखता येतं. ही माझी फुशारकी नाही, समितीचं मत आहे.

निहारिकाने रकाने समजावून दिले. शेवटचा रकाना आहे 'माहिती कोणाकडून'. म्हणाली, तो रिकामा सोडायचा नाही आणि अंदाज तर बिलकुल लिहायचा नाही. मी तिला सांगितलं की मी जन्मभर लेबलंच लावत आलो आहे, माझं एकही पार्सल चुकीच्या स्टेशनावर उतरलं नाही. ती हसली. तिला फारसं पटल्यासारखं वाटलं नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

मजा येते आहे, खोटं कशाला बोलू. आज एका फोटोत गणेशोत्सवातलं नाटक निघालं. मिशी चिकटवलेला राजा म्हणजे आमच्या गल्लीतले पोस्टमास्तर आणि त्याची राणी म्हणजे पुढे जाऊन मोठे वकील झालेले गृहस्थ. 'माहिती कोणाकडून' या रकान्यात मी 'स्वतः' असं लिहिलं. निहारिकाने विचारलं, तुम्ही तिथे होता का? होतो. पडदा ओढायला होतो.

संध्याकाळी घरी हे सगळं रंगवून सांगितलं. अक्काने टॅबलेटवरून डोकं वर काढलं आणि विचारलं, हे फोटो घरी बसून दिसतात का? मी दाखवले. अक्का म्हणजे माझी वहिनी, अण्णांची बायको. अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली, ती आमच्याकडेच असते. मी शाळकरी असताना ती लग्न होऊन आली, तेव्हापासून मला ती 'तू' म्हणते आणि माझे कान तिच्या ताब्यात आहेत. तिच्या लेकीने, मधुराने, पुण्याहून टॅबलेट पाठवल्यापासून तिचं पोथीवाचन सुटलं आणि डोळ्यांत थेंब घालणं वाढलं. कॅटलॉग कसा उघडायचा ते तिने दोनदा विचारून घेतलं. उद्या विसरेल.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज एक विचित्र योग आला.

रस्ता रुंद करायला जुन्या शहरातली एक मलखांबाची व्यायामशाळा पाडणार आहेत. तिथलं सामान हलवताना भिंतीवरचे फोटो कुणीतरी ई-रिक्षात घालून वाचनालयात आणून टाकले. बहुतेक पोरांचे, मलखांबावर उलटे लटकलेले. आणि त्यांच्यात एक मोठी फ्रेम. काचेवर गंधाचा टिळा, वरून चंदनाचा हार. आत भय्यासाहेब वाईकर, तिशी-पस्तिशीतले, छाती काढून उभे.

भय्यासाहेब म्हणजे आमच्या अक्काचा धाकटा भाऊ. एकच भाऊ.

मधुराच्या लग्नात जे झालं ते झालं. अण्णांना लग्नाची घाई, शंभर कामं, त्यांनी सगळ्यांबरोबर भय्यासाहेबांनाही पत्रिका पोस्टाने टाकली. दोघं राहायला एकाच गावात. नवरीच्या सख्ख्या मामाला, ज्याने तिला बोहल्यावर आणायचं, त्याला घरी जाऊन अक्षत द्यायची सोडून पोस्टमनच्या हाती निमंत्रण. भय्यासाहेब आले नाहीत. मुहूर्ताची वेळ झाली, भटजी ओरडायला लागले, तेव्हा मामाच्या जागी मीच मधुराला आणलं. छान आणलं होतं, सगळे म्हणाले. त्या दिवसापासून अक्काच्या तोंडून भावाचं नाव निघालेलं नाही. मला माहेर नाही, एवढंच म्हणते. भाऊबीजेला गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी. मध्यंतरी ते देवासला मुलीकडे राहायला गेले, एवढं उडत उडत कानावर आलं होतं.

आणि आता हा हार. गेले म्हणायचे. आम्हाला कोण कळवणार होतं? व्यायामशाळेवाले आमचे कोणी नाहीत आणि देवासचे लोक आमच्याशी बोलत नाहीत.

जयूला सांगितलं. ती हातातलं काम टाकून खालीच बसली. म्हणाली, आधी कुणाला तरी नीट विचारा, मग लिहा, आणि अक्कांना मात्र मी सांगेन, तुम्ही नका सांगू. मी म्हटलं, अक्काला सांगायचंच कशाला? जो माणूस तिच्या लेखी केव्हाचाच नाही, तो परत एकदा नाही झाला म्हणून तिला काय. जयू म्हणाली, तुम्ही फोटो बघा, माणसं आम्ही बघतो.

१० सप्टेंबर, बुधवार

निहारिका आठवडाभर भोपाळला ट्रेनिंगला गेली आहे. पासवर्ड माझ्याकडे आहे. व्यायामशाळेचे सगळे फोटो मी एकट्याने चढवले.

भय्यासाहेबांच्या फ्रेममधला फोटो काचेला चिकटलेला होता, काढला तर फाटला असता. म्हणून कॅमेऱ्यानेच घेतला, हारासकट. ओळ मी मन लावून लिहिली, कारण भांडण आपल्या जागी आणि माणूस आपल्या जागी. लिहिलं : 'कै. भय्यासाहेब वाईकर, उज्जैनचे नामांकित मलखांब गुरुजी. यांच्या हाताखाली पोरांच्या दोन पिढ्या तयार झाल्या. शब्दाचे पक्के, मानाचे कडवे.' शेवटचे चार शब्द मला स्वतःलाच फार आवडले.

'माहिती कोणाकडून' मध्ये काय लिहावं, जरा अडलो. मग 'फोटोला हार' असं लिहिलं. खोटं काही नाही त्यात.

११ सप्टेंबर, गुरुवार

दुपारभर पाऊस. चार वाजता वाचनालयातून भिजून आलो तर अक्का ओले केस पाठीवर सोडून ओसरीत बसलेली. डोक्यावरून आंघोळ केली होती. विचारलं, या वेळी कशाला? म्हणाली, उकडत होतं. मला छत्रीतून थंडी वाजत होती आणि हिला उकडत होतं. वय झालं की अंगातला थर्मामीटर बिघडतो.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावायला ती उठली नाही. एरवी दुसऱ्या कुणी वात वळलेली तिला चालत नाही. जयूने काही न विचारता दिवा लावला. गुडघा दुखत असावा.

जेवायला नुसता वरणभात, तूप-लिंबू, फोडणी कशालाच नाही. मी तक्रार केली तर जयूने माझ्याकडे असं पाहिलं की मी लोणचंही मागितलं नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

पितृपक्ष म्हणून असेल, घरात सगळं मिळमिळीत चाललं आहे. अक्काने मलाच देवपूजा करायला सांगितली. मी मंत्र चुकलो तरी ती काही बोलली नाही, हे मात्र नवल.

टॅबलेटचं वेड वाढलंय. सकाळी बघावं तर समोर टॅबलेट, दुपारी बघावं तर टॅबलेट. जवळ गेलं की स्क्रीन विझवते. मी जयूला म्हटलं, मधुराला सांगून हे खेळणं बंद करायला हवं, म्हातारीचे डोळे जातील. जयू म्हणाली, असू द्या.

१६ सप्टेंबर, मंगळवार

निहारिका परत आली आणि एक आनंदाची बातमी घेऊन आली. कोणता फोटो किती वेळा उघडला गेला, हे कॅटलॉगात कळतं म्हणे. बाकीच्या फोटोंकडे लोक एखाददुसऱ्या वेळी डोकावतात, पण भय्यासाहेबांचा फोटो कुणीतरी रोज उघडतं. रोज, पुन्हा पुन्हा, आणि इथूनच, उज्जैनमधूनच. सगळ्यात जास्त पाहिलेला फोटो तोच.

मी तिला सांगितलं की लिहिण्यालाही किंमत असते. नुसतं नाव-गाव टाकलं तर कोण बघतंय. 'मानाचे कडवे' हे वाचायला लोक परत परत येणारच.

एवढं होऊनही तिचं लक्ष गेलं ते शेवटच्या रकान्यावर. हार ही काय माहिती झाली का काका? मी म्हटलं, मराठी घरात वाढलेल्या कुठल्याही पोराला विचार, भिंतीवरच्या फोटोला हार दिसला की तो काय समजतो. ती म्हणाली, मी नक्की करून घेते. कर म्हटलं.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री अमावस्या

दरवर्षी मी एकटाच राम घाटावर जाऊन येतो. या वेळी अक्का म्हणाली, मीही येणार. गुडघ्याचं काय, म्हटलं, तर म्हणाली, गुडघा माझा आहे. ई-रिक्षावाल्याने पार लांब सोडलं, पुढे गर्दीतून तिला हाताला धरून नेलं. क्षिप्रेला पाणी चांगलं आहे.

आई-वडील झाले, आजोबा झाले, अण्णा झाले. मी उठणार तेवढ्यात अक्का गुरुजींना म्हणाली, अजून एक आहे. नाव तिने त्यांच्या कानाशी सांगितलं, लाउडस्पीकरच्या गोंगाटात मला ऐकू आलं नाही. मग गुरुजींनी गोत्र विचारलं तर म्हणाली, काश्यप.

मी म्हटलं, अक्का, काश्यप कुठलं, आपलं वसिष्ठ. मी गुरुजींनाही सांगितलं की वय झालंय, जरा गोंधळ होतो. तेव्हा अक्का माझ्याकडे न बघता गुरुजींना म्हणाली, "मी सांगितलं तेच म्हणा." गुरुजी म्हणजे बिचारे पोटार्थी, त्यांनी काश्यप म्हटलं. मी पाणी सोडलं. कुणाला पोहोचलं देव जाणे.

मला जरा वाईटच वाटतंय. तिची स्मरणशक्ती किती पक्की होती. मुलांचे वाढदिवस, व्याह्यांच्या तिथ्या, सगळं तोंडपाठ. आणि आज लग्नाला इतकी वर्षं होऊन घरचं गोत्र विसरली. परत येताना देवास गेटच्या बस स्टँडजवळ तिला उसाचा रस पाजला. घोटभर प्यायली आणि ग्लास माझ्या हातात दिला.

जयूला हे सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी. तिलाही काळजी वाटते.

२८ सप्टेंबर, रविवार

नवरात्रीची धामधूम. फोटोंची दुसरी पेटी संपत आली. माझं अक्षर पाहून निहारिकाने मला आता थेट कॉम्प्युटरवरच टाइप करायला लावलं आहे आणि मला ते जमतंय. एका बोटाने, पण जमतंय. आयुष्यात इतकं शांत, भरलेलं वाटून फार दिवस झाले.

६ ऑक्टोबर, सोमवार

काय लिहू आणि कसं लिहू.

अकराच्या सुमाराला वाचनालयाचा फोन वाजला. निहारिका पुस्तकांच्या कपाटात होती म्हणून मी उचलला. पलीकडून भरदार आवाज : "मी भय्यासाहेब वाईकर बोलतोय, देवासहून. तुमच्या कॅटलॉगप्रमाणे मी गेलोय. इथे मला अजून कुणी कळवलेलं नाही, म्हणून म्हटलं विचारून घ्यावं."

मला माझं नाव सांगायचं धैर्य झालं नाही. चौकशी करून सांगतो म्हटलं. ते म्हणाले, चौकशी कसली करता, मी बोलतोय ना. झालं होतं असं की त्यांच्या कुणा जुन्या चेल्याने मुंबईत कॅटलॉग पाहिला आणि त्यांच्या मुलीला, केतकीला, सांत्वनाचा फोन केला. फोन घेतला भय्यासाहेबांनीच. तो पोरगा म्हणे अर्धा मिनिट रामराम करत राहिला.

आणि हार? हार पोरं दर गुरुपौर्णिमेला घालतात. गुरुजी देवासला गेले, तर त्यांच्या जागी फोटोला घालतात. हार त्यातलाच.

निहारिका रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने फक्त तो रकाना स्क्रीनवर उघडला, 'फोटोला हार' वर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मघाशी आलेला चहा गार होऊ दिला. मग ती म्हणाली की व्यायामशाळेवाल्यांना दोनदा फोन केला होता, उचलला नाही, आणि नंतर नवरात्रीत राहून गेलं. चूक आपल्या दोघांची. आता नुसतं फोनवर ऐकून बदल करायचा नाही. तुम्ही जा, माफी मागा, भेटा, आजचा फोटो काढून आणा, आणि माहिती कोणाकडून ते नीट लिहा.

घरी जयूला सांगितलं. तिने दोन्ही हात जोडून देवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दोन पाहण्यांत पुष्कळ फरक होता. म्हणाली, अक्कांना आत्ताच्या आत्ता सांगा. मी म्हटलं, काय सांगू? तुझा भाऊ गेला होता, तो आला? तिला गेल्याचंच माहीत नाही. उगाच जुनं उकरून काढायचं. जयूने अक्काच्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं, आधी डोळ्यांनी बघून या, मग सांगू. पण देवासला आठवडा लावू नका. जमलं तर उद्या जा."

उद्या समितीची मीटिंग आहे. परवा जाईन.

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळच्या बसने देवास. वाटेत माफीची वाक्यं पाठ केली. पार्सल हरवलं की गिऱ्हाईकापुढे म्हणायची तीच होती, थोडी फिरवून.

भय्यासाहेबांनीच दार उघडलं. हाडं दिसतात आता, पण पाठ अजून खांबासारखी सरळ. मला पाहून क्षणभर थांबले. म्हणाले, अरे, विलास? मग हसायलाच लागले. तो 'कै.' तूच लावलास होय. बस. केतकी, पोहे टाक, माझ्या तेराव्याला पाहुणे आलेत.

मी इतका ओशाळलो की पाठ केलेलं सगळं विसरलो. ते मात्र खुशीत. मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं, म्हणाले, ती भानगड राहू दे तशीच. 'मानाचे कडवे' मात्र तूच लिहिलं असणार, दुसरं कोण लिहिणार. मी होय म्हटलं. खरं आहे ते, म्हणाले, आणि मग हसले नाहीत.

पोहे आले. पोह्यांवरची शेव बाजूला करत त्यांनी विचारलं, माझ्याकडे न बघता, "अक्काला कळलं होतं का?"

मी त्यांना धीर द्यायच्या आवाजात सांगितलं की छे, तिला काही पत्ता नाही, आम्ही तिच्या कानावर जाऊच दिलं नाही. ते बरं, म्हणाले. पण प्लेट त्यांनी खाली ठेवली. मला वाटलं वातावरण हलकं करावं, म्हणून अक्काच्या तब्येतीचं सांगत बसलो. गुडघा धरतो. टॅबलेटचं वेड लागलंय. आणि विसराळूपणा किती वाढावा, सर्वपित्रीला राम घाटावर गेलो तर अण्णांनंतर अजून एक नाव सांगितलं आणि गोत्र काय तर काश्यप. मी दुरुस्त केलं तरी ऐकेना.

भय्यासाहेब माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "विलास, काश्यप आमचं गोत्र."

मी उचललेला घास परत प्लेटमध्ये ठेवला.

पाऊस पडत असताना तिला उकडत होतं. तिने दिवा लावला नाही, जेवणाला फोडणी नव्हती, पूजा मी करत होतो. आणि तो फोटो, उज्जैनमधूनच, रोज, पुन्हा पुन्हा. मी निहारिकाला लिहिण्याच्या किमतीवर भाषण दिलं होतं. महिनाभर माझ्या घरात एक बाई आपल्या भावाचं सुतक आणि दुखवटा एकटीने पाळत होती, ते मी लावलेल्या लेबलामुळे, आणि मी तिच्या डोळ्यांची काळजी करत होतो. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

भय्यासाहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांची पाठ हलत होती. केतकी आतून आली आणि परत आत गेली. तसेच उभे राहून म्हणाले, "तिने मला पाणी दिलं. मी लग्नाला गेलो नाही आणि तिने मला पाणी दिलं."

मग अंगणात रोवलेल्या मलखांबाशेजारी मी त्यांचा फोटो काढला. उभं राहताना त्यांनी डोळे पुसले आणि सवयीने छाती काढली. मी निहारिकाला तिथूनच पाठवला. रकानाही सांगितला : 'माहिती कोणाकडून : स्वतः भय्यासाहेब.'

त्याच दिवशी, संध्याकाळी

बसमध्ये अक्काला काय सांगायचं ते जुळवत होतो. पाय धरायचे ठरवलं होतं. सुरुवात कशी करायची ते मात्र देवास गेटला उतरेपर्यंत सुचलं नाही.

घराच्या पायरीशीच फोडणीचा वास आला. हिंग, कढीपत्ता. देवापाशी दिवा लागलेला आणि वात अक्काने वळलेली, मला ओळखू येते तिची वात. ती पाटावर बसून टॅबलेट मांडीवर घेऊन बघत होती. निहारिकाने फोटो दुपारीच चढवला होता. 'कै.' गेला होता.

मी समोर उभा राहिलो. तिने वर पाहिलं नाही. बोटांनी फोटो मोठा केला, गळ्याची हाडं दिसतील इतका.

"भय्या किती वाळलाय रे," म्हणाली.

सव्वीस वर्षांनी तिच्या तोंडून ते नाव ऐकलं. मी खाली बसलो आणि माफी मागायला लागलो, नीट शब्द येईनात, नाक गळायला लागलं. तिने टॅबलेट बाजूला ठेवला, माझा कान धरला, लहानपणी धरायची तसाच, आणि धरूनच ठेवला. पिळला नाही. म्हणाली, हात-पाय धू, आमटी गरम आहे.

जेवताना मी विचारलं, तू बोलली का नाहीस? जयू मध्ये पडणार होती, अक्काने तिला थांबवलं. म्हणाली, काय बोलणार होते? भाऊ नाही असं मीच सांगत फिरत होते ना सगळ्यांना. मग तो गेला म्हणून रडायला कुठल्या तोंडाने बसू?

१२ ऑक्टोबर, रविवार

अक्काने आज सकाळी फर्मान काढलं. भाऊबीजेला भय्या येईल, पण आपण होऊन येणार नाही, आणि येऊही नये. अण्णांनी पत्रिका पोस्टाने टाकली ती चूक आपली होती. हे तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. मी सुचवलं की फोन करतो, लगेच होईल. दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चप्पल घालायला उठलो.

तर पुन्हा देवास. या वेळी नवा सदरा, खिशात कुंकवाने माखलेल्या अक्षता आणि सुपारी. जयू बरोबर होती, कारण माझ्यावर एकट्यावर हे काम सोपवायला कुणी तयार नव्हतं. दारात उभा राहून मी म्हटलं, भय्यासाहेब, भाऊबीजेचं आमंत्रण आहे, यायचं. त्यांनी अक्षता दोन्ही हातांत घेतल्या. मग आत देवापुढे ठेवून आले.

मी मधुराच्या लग्नात मामाच्या जागी उभा होतो ते त्यांनी विचारलं. कशी दिसत होती, रडली का, पायऱ्या किती होत्या. मी सगळं सांगितलं. छान आणलं होतं असं मात्र म्हटलं नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

भय्यासाहेब सकाळीच आले, केतकीबरोबर, कडक इस्त्रीच्या धोतरात. अक्का दारात गेली नाही. आत पाट मांडून, भोवती रांगोळी घालून निरांजन हातात घेऊन उभी राहिली. ते पाटावर बसले. तिने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी ओवाळली, मग निरांजन. ज्योत फार हलत होती. शेवटी भय्यासाहेब म्हणाले, "अक्का, मला पाणी मिळालं बरं का." ती म्हणाली, "मग आता जेवायलाही बस," आणि आत पळाली. स्वयंपाकघरात बराच वेळ भांड्यांचा उगाच आवाज येत राहिला.

दुपारी मधुरा व्हिडिओवर. मामाला पाहून आधी ओळखेना, मग रडली, मग म्हणाली, मामा, मला बोहल्यावर न्यायचं तुमचं राहिलंय. ते म्हणाले, तुझ्या मुलीला नेईन, तब्येत ठेवलीय मी. जयूने वाटीवर वाटी बासुंदी वाढली आणि माझ्या बाजूला वाढायची विसरली, ते चालायचंच.

दिवेलागणीला पाहिलं तर अक्का पुन्हा ताम्हन घेऊन जिन्याकडे निघालेली. गच्चीवर. मी म्हटलं, अक्का, आता कशाला? ओवाळून झालं की सकाळी. भाऊ समोर बसलाय. पुन्हा तिचं काही विसरलंय का, असं एक क्षण माझ्या मनात आलं, लिहायला लाज वाटते.

ती पायरीवर थांबली. म्हणाली, "इतकी वर्षं त्याला ओवाळलं. आता माझा आला म्हणून त्याला कसं सोडू?"

भय्यासाहेब उठले, त्यांनी तिच्या हातातलं ताम्हन घेतलं, तिचा कोपर धरला. गुडघ्यासाठी एकेका पायरीवर थांबत दोघं वर गेले. मीही मागोमाग गेलो. पश्चिमेला द्वितीयेची चंद्रकोर होती, अगदी बारीक. अक्का ओवाळत होती आणि भय्यासाहेब निरांजनाला वारा लागू नये म्हणून बाजूला हाताचा आडोसा धरून उभे होते.

मी फोटो काढला. उद्या निहारिकाला देईन. नावं काय लिहू म्हणून अक्काला विचारलं, म्हटलं, तुझं पूर्ण नाव घालतो, अण्णांचं, आडनावासकट. ती म्हणाली, ते सगळं नको. लिही, भय्याची बहीण.